कूलरमधला पानमळा

दिवाळीनंतर सासूबाई आमच्याकडे वाडीला राहायला आल्या, तेव्हा सामान फारसं नव्हतंच. एक पेटी, सासऱ्यांचा फोटो आणि रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेला पानाचा वेल. रामटेककडे त्यांचा पानमळा होता. सासरे मागच्या माघात गेले, मळा बघणारं कोणी उरलं नाही, म्हणून तो मोडला. जिवंत उरला तो हा एकच वेल. आणि सासूबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं की वर्षश्राद्धाला पान ठेवायचं ते ह्याच वेलाचं.

आता खरं सांगते, मला वैताग आला होता. दोन खोल्यांचं घर, खाली अमरावती रोडवर दिवसभर ट्रक, रोज बोटभर धूळ. आमचंच धड मावत नव्हतं, त्यात ही बादली. वर नियम! पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत, म्हणून बादलीजवळही चप्पल चालायची नाही. डिसेंबरात फरशी अशी गार पडते की पाय ठेववत नाही.

"आई, मोजे तरी चालतील का?" मी विचारलं.

"मळ्यात मोजे घालून कोन जाते वं?" त्या म्हणाल्या. विषय संपला.

थंडी वाढली तसा वेल उदास दिसायला लागला. पानं खाली लोंबायची, कडा पिवळ्या पडायच्या. सासूबाई रोज सकाळी अनवाणी त्याच्यापाशी बसायच्या आणि ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायच्या. मला त्यांची दया यायची आणि चीडही यायची, दोन्ही एकदम. शेवटी एका रविवारी त्या देवळात गेल्या होत्या, तेव्हा मी शहाणपणा केला. रूम हीटर वेलासमोर आणून ठेवला, सुरू केला आणि स्वयंपाकाला लागले. म्हटलं, बिचाऱ्याला जरा ऊब मिळेल.

पोळ्या आटपून येते तो काय, पानं भाजलेल्या पापडासारखी! हात लावला की चुरा. सगळ्या वेलावर एक पान धड राहिलं होतं, तेही अगदी बुडाशी.

सासूबाई आल्या, त्यांनी पाहिलं. मी तयारच होते, आता ऐकवतील. त्यांनी हीटर बंद केला आणि खाली बसल्या.

"तुले तो कुडकुडत हाये असं वाटलं, नाही?" त्या म्हणाल्या. "तुवी काही चूक नाही, बाई. मळ्यात आम्ही त्याले ऊब नाही देत. वारा अडवतो अन् ओल धरतो, बस."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

घरात ऊन यायचं ते एकाच खिडकीतून, आणि त्या खिडकीबाहेर कूलर ताडपत्री पांघरून बसलेला. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता डोक्यात आलं आणि मी नवऱ्याला ओरडूनच सांगितलं, "अहो, तो कूलर उघडा!" त्यांना वाटलं, हिला वेड लागलं. पौषात कूलर कोण उघडतं? पण उघडला. पंखा आणि मोटर काढली. वाऱ्याच्या बाजूला खसाची म्हणजे वाळ्याची जुनी ताटी राहू दिली, उन्हाच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिक ताणलं. टाकीत चार बोटं पाणी, त्यात विटा, विटांवर बादली. सासूबाईंनी आत हात घालून पाहिला, ताटी जरा ओली केली आणि म्हणाल्या, "आता थांबा."

आम्ही थांबलो. ऑफिसला जायच्या आधी मी रोज डोकावायची. पंधरा दिवस काही नाही. मग वेलाच्या सांध्यातून तांबूस कोंब निघाला. मी नवऱ्याला आंघोळीतून बाहेर बोलावलं! श्राद्धाच्या आदल्या दिवसापर्यंत एक नवं पान उलगडलं होतं, माझ्या तळहाताएवढं. बुडाचं जुनं पान मात्र तोवर गळून गेलं होतं.

श्राद्धाच्या सकाळी सासूबाई न्हाल्या, खिडकीपाशी गेल्या आणि आत हात घातला. मी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि तशीच धावले.

"आई, नका ना तोडू! एकच आहे हो ते. मरेल तो!"

सासूबाईंचा हात तसाच थांबला. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"चप्पल काढ आधी," त्या म्हणाल्या.

मी काढली. गार फरशीवर आम्ही दोघी उभ्या राहिलो. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते पान त्यांच्या दोन बोटांत होतं. त्यांनी ते हलकेच सोडलं, हात बाहेर घेतला आणि माझ्या नवऱ्याला नाक्यावरून पानं आणायला पाठवलं.

विकतचं पान फोटोपुढे ठेवताना त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "या वर्षी हेच गोड मानून घ्या," त्या फोटोला म्हणाल्या. "मी तोडतच होती. सून तोडू नाही देत."