दुसरी चावी

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी, इंदापूरला आमच्या मंडळीच्या आवारात, संध्याकाळच्या संजीवन सभेत माझ्या मित्राने आपल्या पापाची कबुली दिली. रक्कम एक्केचाळीस हजार पाचशे रुपये. हजर माणसे: आमचे पाळकसाहेब, त्यांची पत्नी, नगरकडून आलेले पाहुणे उपदेशक, पेटी आणि ढोलकी वाजवणारे दोघे, सतरंजीवर बायका, त्यांत माझी बायको, खुर्च्यांवर पुरुष, आणि तिसऱ्या ओळीत मी. रक्कम मी इथे लिहितो आहे. त्याने ती उच्चारली नव्हती.

उपदेश पावित्र्यावर होता. देवापुढे स्वच्छ व्हायचे असेल तर आधी उघडे व्हावे लागते, असे पाहुणे सांगत होते. मग त्यांनी साक्षीला कोण उभे राहतो असे विचारले. माझा मित्र उठला. तो वरकुट्याचा, आमच्या मंडळीचा पंच, आवाज चांगला, गाणे धरले की अख्खे आवार त्याच्या मागे गाते. आम्ही दोघे इंदापूरला एका बाकावर शिकलो. पुढे मी माळेगावला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून झालो आणि बारामतीत राहिलो, तरी रविवारची उपासना इंदापूरची सोडली नाही. त्याला एक कारण तो होता.

तो पुढे गेला, माइक हातात घेतला आणि रडायलाच लागला.

"चार वर्सांमागं माज्या हातनं पाप झालं," तो म्हणाला. "पैशाचं. सैतानानं माज्या हातात चावी दिली आन् मी दार उघडलं. लय रात्री तळमळलो. आज प्रभूनं मला धुतलं. बर्फावानी केलं."

"हालेलूया," पाहुणे म्हणाले, आणि सगळे म्हणाले. बायका डोळे पुसत होत्या. चावी आणि दार हे लोकांना बोलण्याची रीत वाटली, उपदेशात असते तशी. डाळिंबाच्या व्यवहारात कुणाला तरी फसवले असेल, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. मी मात्र खुर्चीचा हात धरून बसलो होतो. ती चावी पितळेची होती. तिला निळा दोरा बांधलेला होता. तशा दोन होत्या. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

ती हकिगत सांगायला हवी.

आमच्या कबरस्तानाला भिंत नव्हती. शेजारच्या शेतातली जनावरे आत येत आणि माझ्या आईच्या कबरेवरसुद्धा चरत. म्हणून हंगामाच्या सणाला आम्ही ठरवले की, त्या वर्षीच्या लिलावाचे पैसे भिंतीला द्यायचे. हा लिलाव आमच्याकडे मजेचा असतो. कुणी पहिल्या खुड्यातली डाळिंबे आणतो, कुणी ज्वारीची कणसे, कुणी कोंबडा. सगळे वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर बोली लागते. त्या वर्षी पाळकीणबाईंच्या एका भोपळ्यावर आठशेपर्यंत बोली गेली, कारण दोन व्याह्यांची जिरवाजिरवी चालली होती. मी खजिनदार होतो. जमलेले पैसे मी मोजले, पाकिटात घातले आणि मंडळीच्या लोखंडी कपाटात ठेवले; त्या दोन चाव्या याच कपाटाच्या. गवंड्याला आगाऊ रक्कम द्यायच्या दिवशी कपाट उघडले तर पाकीट नव्हते. कुलूप शाबूत होते.

पंचांची बैठक बसली. मित्राला विचारले तेव्हा तो म्हणाला, "माजी चावी घरात खिळ्याला हाय. ती हाललीच न्हाय." मग माझ्याकडे वळून मायेने म्हणाला, "काटेसाहेब, तुमी मोजून ठिवलंत ना? आठवा बरं नीट. माणूस हाय, इसरतं." वजनकाट्यावर काम करतो म्हणून त्याने मला काटेसाहेब हे नाव लहानपणीच्या हक्काने ठेवले होते.

त्यानंतर मी जे केले ते माझ्यासारख्या माणसालाच सुचते. हिशेब माझ्याकडे होता, म्हणून तूट मी भरली. मुलीच्या वसतिगृहासाठी बायकोने आवर्ती ठेव चालवली होती, ती मोडली आणि पूर्ण रक्कम पंचांच्या हातात दिली. एका बाकावरच्या मित्राचा शब्द मी खरा धरला; माझ्या डोक्यात एवढेच होते की आकडा जुळला पाहिजे, चोर केव्हा तरी सापडेल. बायको तेव्हा म्हणाली होती, "तुम्ही भरलंत तर लोक काय समजतील?" मी म्हणालो, लोक हिशेब समजतील.

लोक समजले ते असे, की याने घेतले होते म्हणून याने भरले.

मला ते कळायला पंधरा दिवस लागले. एका घरी प्रार्थना होती. सगळ्यांनी डोळे मिटले होते आणि मित्र प्रार्थना चालवत होता. दुखणाईत झाले, परीक्षेची मुले झाली. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "प्रभो, आमच्यातल्या एका भावाला तू पश्चात्तापाची बुद्धी दिलीस, तुझं घेतलेलं तुझ्या घरात परत आणलंस, म्हणून तुझे आभार." मला बरे वाटले. कुणाचे तरी भले झाले, असे मनात आले. मी आमेन म्हणालो. माझा आवाज मोठा आहे.

परतीच्या वाटेवर शेळगावच्या अलीकडे बायकोने गाडी थांबवायला लावली. ती मागून उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"अहो, तुम्ही आमेन म्हणालात."

"मग?"

"ती प्रार्थना तुमच्यासाठी होती."

त्यानंतर मी खजिनदारी सोडली. सोडली म्हणूनही बोलले गेले. कुणी तोंडावर काही म्हणाले नाही, आमच्या मंडळीत म्हणत नाहीत. फक्त अर्पणाची थैली माझ्या हातात देणे बंद झाले. मुलीच्या मैत्रिणीने तिला विचारले, "तुझ्या पप्पांनी खरंच कबूल केलं?" मित्र मात्र पूर्वीसारखाच होता. उलट जास्त प्रेमाने वागे, नाताळला डाळिंबांची पेटी घरी पाठवी. त्याच वर्षी त्याच्या मुलीचे लग्न झाले. बँड होता, मोठा मांडव होता. मी पंगतीत वाढायला उभा होतो. त्याच्या पाहुण्यांना आग्रह करकरून जिलेबी वाढली. ती कुठल्या पैशाची होती हे मला माझ्या मित्राच्या साक्षीनेच कळले.

तर त्या संध्याकाळी सभा संपली आणि चहा आला. लोक त्याला मिठ्या मारत होते. तो कप घेऊन माझ्याकडे आला.

"काय काटेसाहेब, लय हलकं वाटतंय बघ आज."

"कितीनं हलकं?" मी विचारले.

तो हसला. "तुला सगळीकडं वजनच दिसतं."

"चावी कुठली होती रे?"

त्याचा कप तसाच राहिला. आजूबाजूला कोण आहे हे त्याने आधी पाहिले.

"कळलंच म्हनायचं तुला."

"दोनच होत्या."

"व्हय," तो म्हणाला. "पोरीचं लगीन आलं हुतं. म्हटलं, बाग निघाली की गुपचूप ठिवून दिऊ. तवर तूच भरलंस. मग म्या कशाला बोलू? भरलं गेलं ते गेलं."

"आणि ती प्रार्थना?"

"कुठली?"

त्याला ती आठवत नव्हती. मला वाटते, त्या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागले ते हेच.

"पुढं जा आणि माझं नाव घे," मी म्हणालो. "माइक अजून चालू आहे. एवढंच म्हण, की कपाटातले पैसे मी घेतले, याने नाही. पैसे परत देऊ नकोस."

"तुजं नाव? देवाच्या सभेत तुजं नाव घिऊन तुजी बदनामी करू व्हय?"

"बदनामी चार वर्षं चालूच आहे. नाव घेतलंस तर थांबेल."

"हे बघ, माजं देवाशी मिटलं. त्यानं पाटी पुसली. आता तू खडू घिऊन हुबा ऱ्हाऊ नगंस." आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड नव्हता. खरेच हलका झाला होता तो.

घरी जाताना बायको मागून म्हणाली, "त्याला धुतलं म्हणे. पाणी सगळं आपल्या अंगावर."

त्याच आठवड्यात रजा टाकून मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते वयाने माझ्याहून लहान आहेत, माणूस मवाळ. मी सगळे सांगितले. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर आश्चर्य दिसले नाही. मी विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्यांनी नाताळाच्या आधी माझ्यापाशी पापांगीकार केला होता," ते म्हणाले. "तो मी बाहेर कसा सांगणार? मीच त्यांना म्हणालो, सभेत साक्ष द्या, पण नावं नकोत. मंडळी फुटेल."

"नाताळापासून तुम्ही माझ्याशी दर रविवारी हात मिळवता."

"मी तुमच्यासाठी प्रार्थना करत होतो."

"कसली?"

"तुम्हाला क्षमा करण्याचं सामर्थ्य मिळावं म्हणून." ते खुर्चीत पुढे सरकले. "भाऊ, पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढे प्रभुभोजन आहे. मनात अढी ठेवून भाकर घेऊ नका. त्यांचं पाप आता उरलं नाही. राहिली ती तुमची अढी."

म्हणजे आता पापी मी. मी त्यांना आमच्या काट्यावरची रीत सांगितली. उसाने भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होते. ती आत जाऊन रिकामी होते, आणि परत काट्यावर येते. रिकामे वजन घेतल्याशिवाय मी पावती देत नाही. भरली गाडी बघून तिला कुणी रिकामी म्हणावे आणि मी सही करावी, असे आजवर झालेले नाही. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा, असे आम्हाला संडे स्कूलमध्ये शिकवले होते. तो माझ्याकडे न येता सरळ वेदीवर गेला आणि तुम्ही त्याला पावती दिलीत.

"देवाचा काटा वेगळा असतो," पाळकसाहेब म्हणाले.

असेल. मी क्षमेच्या विरोधात नाही. रोज सकाळी प्रार्थनेत मी त्याचे नाव घेत होतो, आणि दात आवळून का होईना, क्षमा हा शब्दही उच्चारत होतो. पण देवाने त्याला माफ केले हे मंडळीला ठाऊक, आणि मी काही केले नव्हते हे फक्त आम्हा चौघांना ठाऊक: तो, पाळक, मी आणि माझी बायको. मला त्याच्याकडून एकच वाक्य पाहिजे होते. प्रभुभोजनाच्या दिवसापर्यंत मी वाट पाहीन असे मी त्याला फोनवर सांगितले. "बघू," तो म्हणाला, "प्रभू मार्ग दावील."

त्या रविवारी उपासना भरलेली होती. पापांगीकार सगळ्यांनी मिळून म्हटला, मीही म्हटला. अर्पणाची थैली फिरली. मग पाळकसाहेब जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, वाचायला उभे राहिले. मित्र पहिल्या बाकावर होता, पांढरा सदरा, मान खाली. मला वाटले, आता तो उठेल.

"एका भावाकडून," पाळकसाहेबांनी वाचले, "कबरस्तानाच्या भिंतीचा रंग आणि फाटक यासाठी गुप्तदान. एक्केचाळीस हजार पाचशे रुपये. प्रभूचे आभार मानू या."

आकडा ऐकताच माना वळल्या. मित्राकडे नाही, माझ्याकडे. तो आकडा मंडळीत माझा म्हणूनच ओळखला जात होता.

भाकरीचे ताट माझ्यापर्यंत आले. मी ते न घेता पुढे दिले. शेजारच्या बाकावरच्या आजी, ज्यांनी मला संडे स्कूलमध्ये शिकवले होते, त्या वाकल्या आणि त्यांनी माझ्या हातावर थोपटले.

"घे रं बाबा आता," त्या कुजबुजल्या. "दुप्पट फेडलंस. असा पश्चात्ताप म्या आजवर पायला न्हाय."

"आजी, ते पैसे माझे नाहीत. दुसऱ्या कुणाचे आहेत."

"आसू दे, आसू दे," आजी म्हणाल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवले. "गुप्तदान हाय. नाव सांगायचं नसतंय."

पेला आला, तोही मी पुढे दिला. पहिल्या बाकावर मित्राने भाकर घेतली, द्राक्षरस घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ बसून राहिला. शेवटचे गीत त्यानेच धरले.

भिंतीला आता पिवळा रंग आहे आणि लोखंडी फाटक आहे. जनावरे आत येत नाहीत. आईच्या कबरेवर जायला मला फाटकाची कडी काढावी लागते. या कामी मंडळीला एकूण त्र्याऐंशी हजार रुपये मिळाले. त्यांतले निम्मे मी दिले, त्याची पावती माझ्या नावाची आहे. निम्मे त्याने दिले, त्याची पावती 'एक भाऊ' या नावाची आहे. माझ्या बायकोला, जिची ठेव मोडली, कुणी काही दिले नाही.