कापडाच्या दुकानातली शेती

भंडाऱ्यातल्या आमच्या कापडाच्या दुकानात दिवसभर शेतीचं बोलणं चालायचं, आणि आमच्याकडं शेत तर सोडाच, तुळशीचं रोपसुद्धा तगत नव्हतं. आम्ही पिढीजात विणकर. आजोबा मागावरून उठले, दुकान टाकलं, आणि गिऱ्हाइकासमोर आपसात बोलायला त्यांनी एक चोरबोली बनवली. गिऱ्हाईक सारं धानवालं, भातशेती करणारं, म्हणून शब्दही धानाचेच घेतले. शेतकऱ्यासमोर शेतीचं बोललं तर कोणाला संशय येणार, असं त्यांचं म्हणणं. त्या डोक्याचं मला आजही कौतुक वाटतं आणि रागही येतो.

'तणस', म्हणजे धान झोडून उरलेला पेंढा: हे गिऱ्हाईक नुसतं पाहायला आलंय, चहा सांगू नका. 'लोंबी' म्हणजे घेणार, चहा सांगा. 'बांध घाला' म्हणजे भाव आता उतरवायचा नाही. 'बोडी फोडा' म्हणजे उतरवा, होऊन जाऊ द्या. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं. आणि 'बियाणं' म्हणजे विकायचं नाही ते, घरच्यांसाठी राखून ठेवायचं. असं एखादं पातळ चुकून गादीवर आलं की बाबा हळूच म्हणायचे, "बियाणं." मग आमचा जुना गडी, आजोबांच्या वेळचा माणूस, एक शब्द न बोलता उठायचा, ते उचलायचा आणि आतल्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवायचा. गिऱ्हाइकाचा हात त्यावर असला तर आधी हात बाजूला करायचा.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नागपूरहून बी.कॉम. होऊन परतलो. बाबा म्हणाले, "या लग्नसराईत गादीवर तू बस. गिऱ्हाईक टिकलं तं दुकान तुह्यं. तुटलं तं मामानं तुमसरले राइस मिलमधी कारकुनी पाहून ठेवली हाये, तिकडं जाजो." मला दुकानच हवं होतं. नव्या कापडाच्या वासात मी वाढलेला माणूस, तांदळाच्या कोंड्यात बसून मेलो असतो.

पहिल्याच आठवड्यात घात झाला. आसगावची एक बाई होती. गावात कोणाच्याही लग्नाचा बस्ता असो, भाव करायला सोबत हीच यायची. त्या दिवशी चार जणींना घेऊन बसली, पंधरा पातळं उलगडायला लावली. बाबा पंख्याकडं पाहत म्हणाले, "तणस." बाईनं शांतपणे पदर सावरला आणि सोबतिणींना म्हणाली, "चला वं. आज तणस होय आपण. चहा नाही भेटत."

माझं डोकं असं भणाणलं! त्या गेल्यावर बाबांना म्हटलं, "त्या बाईले सारं समजते!"

"काय समजते?"

"आपली बोली!"

"हट्. शेतीचं बोलली असन."

मी रात्रभर तळमळलो. वैशाखात, बोड्या आटलेल्या असताना, भर बाजारात, छपराखाली बसून 'बोडी फोडा' म्हणणारा विणकर पाहून कोणत्या शेतकऱ्याला संशय येणार नाही? तीस-पस्तीस वर्षं आम्ही गुप्त बोलून राहिलो आणि समोरचे ऐकून राहिले! ठरवलं, शब्द बदलायचे. माझ्याकडं होस्टेलचे होते, एकदम ताजे. 'तणस'च्या जागी 'लायब्ररी', कारण तिथं आम्ही पुस्तक न उघडता दिवस काढायचो. 'लोंबी'च्या जागी 'मॅटिनी', म्हणजे नक्की जमणारं काम. 'बांध घाला' म्हणजे 'वॉर्डन'. 'बोडी फोडा' म्हणजे 'मेस बंद'. 'बियाणं'ला मात्र शब्द सापडेना. होस्टेलात राखून ठेवण्यासारखं काही नव्हतंच.

बाबांनी वाद घातला नाही. 'हो' म्हणाले, आणि शाळकरी पोरासारखे पाठ करायला बसले. गडीही बसला. पण त्याला 'मेस बंद' म्हटलं की आज जेवण नाही असंच वाटायचं; तो बिचारा डबा न उघडता घरी न्यायचा आणि बायकोच्या शिव्या खायचा. बाबांना नवा शब्द हळू म्हणताच येत नव्हता. आंबागडचा बस्ता आला होता, सगळं जमत आलं होतं, तेवढ्यात बाबा जोरात ओरडले, "मॅटिनी!" नवरदेवाचा बाप दचकला. म्हणाला, "नाही जी भाऊ, आमाले पाचची यष्टी धरा लागते." आणि खरंच बस्ता अर्धवट टाकून सारे उठून गेले.

पुढं तर भावच ठरेना. पूर्वी अर्ध्या तासात सुटणारं पातळ आता अख्खी दुपार खायचं. गिऱ्हाईक एक आकडा बोलायचं आणि गप्प. आमच्या तोंडाकडं पाहत राहायचं, कान देऊन, वाट पाहत. कशाची वाट पाहून राहिलेत, मला समजेना. मी 'वॉर्डन' म्हणायचो, ते एकमेकांकडं पाहायचे, आणि चपला घालून समोरच्या दुकानात जायचे. लग्नसराई संपत आली तशी गादीवर मी, बाबा, गडी आणि माशा एवढंच राहिलं. तुमसरची कारकुनी मला स्वप्नात दिसू लागली.

शेवटच्या आठवड्यात आसगावची बाई आली. सोबत या वेळी सात-आठ जणी, वेगवेगळ्या गावच्या. कोणी पातळ मागितलं नाही. सगळ्या ओळीनं बसल्या. बाई बाबांना म्हणाली, "काय जी भाऊ, यंदा तुमच्या दुकानात शेतीचं कोणी बोलून नाही राहिलं?"

बाबा पंख्याकडं पाहत म्हणाले, "पोरानं बंद केलं."

"काहून रे बाबू?" ती माझ्याकडं वळली. "माणसानं बोडीचं, बांधाचं बोलत राहावं. आमाले बरं वाट्टे. आता भाव करता करता कुठलोक आलो ते समजतच नाही. मंगळवारी हे," तिनं एकीकडं बोट केलं, "तीन घंटे बसली समोरच्या दुकानात, त्यायले तं शेतीचं काहीच समजत नाही. घरी लेकरू रडून रडून झोपलं हिचं."

बाकीच्यांनी माना हलवल्या.

तेव्हा कुठं माझ्या बी.कॉम. डोक्यात उजेड पडला. सारा तालुका ही बोली जाणत होता. बाबांना ते ठाऊक होतं. बाबांना ठाऊक आहे हे बाईला ठाऊक होतं. आम्ही चोरून बोलल्यासारखं करायचं, त्यांनी न समजल्यासारखं करायचं, आणि कोणाचीही मान खाली न जाता भाव ठरायचा. ठाऊक नव्हतं ते एकट्या मला, आणि तेच मी मोडून बसलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईनं हात लांबवून एक करवती काठाचं पातळ ओढलं आणि ऐकून अंगावर काटा येईल इतका कमी भाव सांगितला. मी बाबांकडं पाहिलं. ते पंख्याकडंच पाहत होते. गादी माझी होती. मी घसा साफ केला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बोडी फोडा!"

बाईनं काहीच ऐकलं नाही. तिनं काठ उन्हात धरून पाहिला, भाव जरासा वाढवला, आणि पाच मिनिटांत पातळ पिशवीत गेलं. तिच्यामागून बाकीच्या सरसावल्या. गडी स्वतःहून चहा सांगायला धावला.

त्याच गर्दीत मामा आले. राइस मिलमध्ये मुनीम होते ते. त्या दुपारी रिकाम्या झालेल्या मांडण्या त्यांनी पाहिल्या नाहीत, दुकानाची महिनाभराची रड मात्र कोणीतरी त्यांच्या कानावर घातली होती. "तुटलं ना गिऱ्हाईक? मले वाटलंच होतं," असं म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चाल, बॅग भर. मालकाले शब्द देऊन आलो, पोरगा आणतो म्हणून."

ठरलं होतं तसंच झालं होतं. महिनाभर गिऱ्हाईक तोडलं ते मीच, एका दुपारीत काय भरून येणार? बाबांनी मला आजवर कधी बरं म्हटलं नव्हतं, आता कशाला म्हणतील? ते पातळाची घडी घालत होते. मान वर न करता, हळूच म्हणाले, "बियाणं."

गडी उठला. त्यानं माझ्या खांद्यावरचा मामांचा हात धरून बाजूला केला, मला कोपराला धरलं, आणि एक शब्द न बोलता आतल्या खोलीत नेलं. कपाटाशेजारी बसवलं. पडदा ओढून बाहेर गेला. मी चांगला तेवीस वर्षांचा घोडा होतो.

बाहेर मामा ओरडले, "अरे, हे काय लावलं? पोरगं कुठं नेलं?"

मग आसगावच्या बाईचा आवाज आला. "काही नाही जी, शेतीचं बोलून राहिले. बसा, चहा घ्या."

आत मी कोसा रेशमाच्या घड्यांमध्ये बसून रडलो. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून एक घडी तोंडाशी धरली, तिच्यावर डाग पडला. ती तशीही विकायची नव्हतीच.