शिव्या आल्याशिवाय चढणार नाही

डोंबिवलीचा चांगदेव गेली बावीस वर्षं विजेच्या तारांत घुसलेल्या फांद्या तोडतोय. त्याच्याइतका सावध माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत सापडायचा नाही. हेल्मेट, कमरेचा पट्टा, रबरी हातमोजे, सगळं जिथल्या तिथे. पण लाइन बंद केल्याचा कागद हातात आला तरी हा बाबा बुंध्याला पाठ टेकून बसून राहतो. आजूबाजूच्या खिडक्यांतून कुणीतरी त्याच्या नावाने शिमगा केला, की मगच शिडीवर पाय ठेवतो.

याला कारण गोपीनाथ. दोघे जोडीने काम करायचे. एका उन्हाळ्यात लाइन बंद असल्याचा सहीशिक्क्याचा कागद खिशात घालून गोपीनाथ वर चढला, आणि लाइन चालू होती. जीव वाचला, उजवा हात गेला. आता तो खोपटच्या एसटी डेपोबाहेर डाव्या हाताने पाण्याच्या बाटल्या विकतो. त्याला इस्पितळात बघून आल्यावर चांगदेवच्या लक्षात आलं, की त्या सकाळी गल्लीतून एकही माणूस ओरडला नव्हता. कागद खोटा निघतो, फोनवरचा साहेबही खोटा निघतो. पण पंखा बंद पडल्याशिवाय मे महिन्यात कुणी उगाच शिव्या देत नाही.

पुढे घरोघरी इन्व्हर्टर आले आणि लोकांची तोंडं गोड झाली. चांगदेवची पंचाईत झाली. नौपाड्याच्या एका गल्लीत तर एकट्या विमलाबाई उरल्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. बॅटरीत पाणी कोण घालत बसणार, म्हणून त्यांनी इन्व्हर्टर घेतलाच नाही. त्यांची खिडकी थेट गल्लीतल्या मोठ्या पर्जन्यवृक्षासमोर. पंखा थांबला की त्या गजांशी येत आणि शुद्ध मराठीत चांगदेवच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत. चांगदेव खालून नमस्कार करी आणि चढे. हा माणूस इतका निर्लज्ज कसा, हे त्यांना सहा वर्षं कळलं नव्हतं.

यंदाच्या मे महिन्यात नवा साहेब आला, सर्वेश. विमलाबाईंच्या गल्लीत उभं राहून, फोनवर बोलून त्याने लाइन बंद करवली, कागद दिला आणि घड्याळ बघत म्हणाला, "चढा."

"शिव्या नाही आल्या साहेब अजून."

सर्वेशला वाटलं, याला ऊन लागलं. "टेस्टर लावू हवा तर," म्हणत त्याने बॅगेतला टेस्टर काढला. त्यातले सेल कुणीतरी टीव्हीच्या रिमोटला घातले होते.

एवढ्यात लांबून कुणीतरी कडाडून शिव्या देत असल्याचं ऐकू आलं. सर्वेश खूश झाला. "घ्या. आल्या शिव्या."

चांगदेवने कान दिला. "ह्या आपल्या नाहीत. मागच्या गल्लीतल्या आहेत."

"मामा, दीड तासाची परवानगी आहे. चढत नसाल तर उद्यापासून दुसरा माणूस बघतो."

"बघा ना. पण तोही शिव्या आल्यावरच चढू दे."

आवाज चढले तशा विमलाबाई खिडकीत आल्या. चांगदेवने हात जोडून विचारलं, "आजी, लाइट गेलेत का?"

"पंखा चालू आहे. गेले असते तर मी गप्प बसले असते का?"

सर्वेशने पुन्हा फोन लावला. बोलता बोलता तो कठड्यावर बसला. बंद केली होती ती मागच्या गल्लीची लाइन. समोरच्या फांदीतून गेलेली तार सकाळपासून जिवंत होती.

विमलाबाईंनी वरून सगळं ऐकलं. हा माणूस सहा वर्षं आपल्या जिभेच्या भरवशावर झाडावर चढत होता, हे त्यांना आता कळलं. अर्ध्या तासाने योग्य ती लाइन बंद झाली आणि त्यांचा पंखा थांबला. त्या गजांशी आल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "गेले रे बाळा दिवे. सावकाश चढ."

चांगदेव जागचा हलला नाही.

"अहो, आता तर त्या स्वतः सांगतायत," सर्वेश रडकुंडीला आला होता.

"गोड बोलतायत साहेब. कसा विश्वास ठेवू?" मग वर बघून तो म्हणाला, "आजी, नेहमीसारखं बोला ना. घरी पोरगी वाट बघते."

"जीभ कशी उचलू रे आता?"

"उचला आजी. पाया पडतो."

विमलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि गज घट्ट धरले. "मेल्या," त्या म्हणाल्या. मग आवाज लागला. "मुडद्या, निर्बुद्ध, ठोंब्या, भर दुपारी लोकांचे पंखे बंद पाडतोस, लाज नाही वाटत?"

चांगदेवचा चेहरा उजळला. त्याने हेल्मेटचा पट्टा आवळला, नमस्कार केला आणि शिडीवर पाय ठेवला. शेवटची फांदी दोराने खाली उतरवून तो स्वतः जमिनीवर येईपर्यंत विमलाबाई शिव्या देत राहिल्या, मध्ये पाणी प्यायलासुद्धा थांबल्या नाहीत.