मावशींनी सांगितलेली दुरुस्ती

छोट्या रॉकेटला जोडून उडवायचं माझं ग्लायडर वर जाऊन सुटलं, की दर वेळी गिरक्या खात पडायचं. पोशीरला ज्यांच्या कापणी झालेल्या शेतात मी ते उडवायचो, त्या मावशी एकदा म्हणाल्या, "नाक हलकं हाय रं त्याचं. थोडी माती लाव."

"मावशी, हे विज्ञान आहे. तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणालो.

घरी आल्यावर मात्र गुपचूप नाकाला मातीची गोळी चिकटवली. पुढच्या रविवारी ग्लायडर संथ तरंगत बांधापलीकडे उतरलं. सोबतच्या मित्रांनी विचारलं, "कसं जमवलंस?"

"गणित केलं," मी म्हणालो.

मावशी शेजारीच उभ्या होत्या. ग्लायडर आणायला त्याच गेल्या. त्यांच्या हातून ते घेताना मला मान वर करवेना.