कॉलरवालीचे पंचवीस शब्द

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे कॉलरवालीच म्हणत. छत्तीस वर्षं नुसत्या कॉलरी शिवल्या, पण एकीचं टोक वाकडं गेलं असेल तर शपथ! अलीकडे मात्र मुकादम सांगे एक आणि ती ऐके भलतंच. परवा त्याने ‘थांबा’ म्हटलं, तर हिने आणखी पन्नास उरकल्या.

मुलाने धोशाच लावला, “आई, बास झालं. घरी बस आता.”

घरी तर तिला मुळीच बसायचं नव्हतं. म्हणून ती मुकाट त्याच्याबरोबर दवाखान्यात कान तपासायला आली.

काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत कानांवर हेडफोन चढले. माणसांच्या गलबल्यातून एकेक शब्द यायचा, तो तिने म्हणून दाखवायचा. पंचवीसपैकी अकरा जमले. बाहेर मुलाने कपाळाला हात लावला.

तपासणारी मुलगी कागद भरत होती. आतला माइक चालूच होता. रिकामं बसवेना म्हणून कॉलरवाली भिंतीच्या पत्र्यातली भोकं मोजू लागली होती, पुटपुटत.

“मावशी, ही कुठली भाषा?”

चोरी पकडल्यासारखी ती ओशाळली. “माहेरची. सासूबाई हसायच्या, म्हणून सोडली.”

“फॉर्मवर तर शहराची लिहिलीत.”

“चाळीस वर्षं तीच बोलतेय की.”

“आणि रागावता कुठल्या भाषेत?”

“तोंडाने शहराच्या,” ती म्हणाली, “मनात माहेरच्या.”

तपासणारीने कपाटातून माहेरच्या भाषेची यादी शोधून काढली. तोच गलबला, नवे पंचवीस शब्द. कॉलरवाली ताठ बसली आणि धडाधड म्हणत सुटली. बावीस!

“गोंगाटात शब्द अर्धामुर्धाच कानावर येतो,” तपासणारी मुलाला म्हणाली. “उरलेला मन भरून काढतं, आणि यांचं मन ते माहेरच्या भाषेत चटकन करतं. कान वाटले तितके गेलेले नाहीत. उजव्याला छोटं यंत्र लावू. घरी कशाला बसवताय?”

मुलगा आईकडे वळला. “मला कधी शिकवली नाहीस ती.”

“तूही हसला असतास तर?”

जिन्यात त्याने तिच्या भाषेतलं ‘चल’ विचारून घेतलं आणि इतकं वेडंवाकडं म्हटलं, की तीच कठडा धरून हसत सुटली. “पुन्हा म्हण,” ती म्हणाली.

सोमवारी कामावर जाताच तिने मुकादमाला बजावलं, “पाठीमागून ओरडायचं नाही. समोर येऊन सांगायचं.” तो निमूट समोर आला.