दोन उकळ्यांची मुळी

विषारी झाडांची बाग बघायला जायचं हे मी ठरवलं. चाळीस वर्षांपूर्वी बॉटनी घेऊन बीएस्सी झाले, त्यानंतर झाडांकडे नीट बघायला वेळ झाला नाही. लीड्सहून गाडीने उत्तरेकडे सव्वादोन तास. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि डबा घरून न्या; तिथल्या कॅफेतला स्कोन दगडासारखा होता.

बरोबर वहिनी होत्या, माझ्या थोरल्या भावाची बायको. वाटेत त्या सारख्या ओठ चोळत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, थंडीने बधिर झालेत. जुलै महिना होता.

बागेत कवटीची चित्रं लावलेल्या पाट्या, आणि त्यांच्यासमोर जीभ बाहेर काढून फोटो काढणारी माणसं. विष म्हणजे यांना जत्रा वाटते. माहिती सांगणारी मेई मात्र गंभीर होती. तिच्या आजीकडून ऐकलेली शेननोंगची गोष्ट तिने सांगितली. या चिनी देवाचं पोट पारदर्शक. तो एकेक वनस्पती चाखून आत काय होतं ते बघायचा, विष चढलं की चहाच्या पानाने उतरवायचा. शेवटी 'आतडीतोड' नावाची वेल खाल्ली आणि चहा पोचायच्या आत गेला. मेई म्हणाली, ती वेल खरी आहे आणि लोक अजूनही चुकून खातात.

पुढे निळ्या फुलांचं झाड होतं. आपल्या बचनागाचा चिनी भाऊ. त्याच्या मुख्य कंदाला तिकडे 'कावळ्याचं डोकं' म्हणतात आणि त्याला फुटलेल्या कंदांना 'फूझ', म्हणजे चिकटलेलं पोर. मेईने बरणीतल्या वाळलेल्या काळपट चकत्या दाखवल्या. जाणता वैद्य त्यावर प्रक्रिया करतो, तासन्‌तास शिजवतो, तरीही धोका असतो, असं ती सांगत होती. तेवढ्यात वहिनींनी माझा हात धरला.

"वन्सं, ही तर माझी गुडघ्याची मुळी."

कुठल्याशा बाजारातून आणलेली, पुडीवर नाव नाही, गाव नाही. विकणाऱ्याने 'बॉइल इट वेल' एवढंच सांगितलेलं. वहिनींनी आल्यासारखी खलबत्त्यात कुटली आणि सकाळच्या चहात टाकली. किती उकळली, तर नेहमीप्रमाणे दोन उकळ्या. जीभ चुणचुणली की औषध लागू पडतंय, असं त्यांना वाटायचं. मुलगा लीड्सच्या हॉस्पिटलात डॉक्टर, पण त्याला विचारलं नाही. का, तर तो केमिकल देतो आणि ही मुळी नैसर्गिक.

मेई ॲम्ब्युलन्स बोलवायला वळली, तशा वहिनी हळूच म्हणाल्या की अर्धी पुडी एजवेअरच्या नलिनीताईंना पाठवली आहे, कालच पोचली. नलिनीताई त्यांची जुनी मैत्रीण, वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकट्या. मी तिथूनच फोन लावला.

"बोल गं. चहाच टाकलाय, मुळी घालून."

"नलिनीताई, आधी गॅस बंद करा."

"अगं, दूध आत्ताच घातलंय."

"सगळा चहा सिंकमध्ये ओता. मी फोन ठेवणार नाही."

त्या कुरकुरल्या, पण ओतल्याचा आवाज मी कानाने ऐकला.

वहिनींच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकत होते. जवळच्या हॉस्पिटलात त्यांना वायरी लावून रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. उरलेली मुळी डॉक्टर भाच्याने फार्मसीत जमा केली.

बाग जरूर बघा, जून-जुलैत जा. पण हे लिहितानाही माझा संताप उतरलेला नाही. विकणाऱ्यावर, 'नैसर्गिक' या शब्दावर आणि वहिनींवर. परतीच्या वाटेवर मी त्यांना गाडीत चांगलंच झापलं. एवढ्या शिकलेल्या बाईने असं करावं?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "गुडघ्याच्या ऑपरेशनच्या तारखेची वर्षभर वाट बघतेय, वन्सं. त्या वर्षात एकदा तरी कुणी विचारलं का, दुखतंय का म्हणून?"

मी विचारलं नव्हतं.