तीन वर्षांचा बोनस, एका वर्षात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, रूममेटला नाही. मराठीत लिहितेय, कारण — खरं सांगू? — आमच्या ऑफिसात हे कुणाला वाचता येणार नाही.

म्युनिकमधल्या एका अमेरिकन फुटबॉल क्लबात मी खेळाडूंच्या करारांचे हिशेब ठेवते. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातली आहे — सॅलरी कॅप. ती ओलांडली, की कुणाला तरी जावं लागतं.

आकड्यांत मी कधी चुकत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही मानायचे. योनास तर मला ‘शेफिन’, म्हणजे बॉसबाई, म्हणायचा. राखीव फळीतला धिप्पाड खेळाडू, पावत्या द्यायला यायचा आणि दारातूनच ओरडायचा, “शेफिन, माझ्या पगारात चुकून एक शून्य वाढव ना!” मी खाली बघून हसायचे. ऑफिसात माझ्याशी थट्टा करणारा तो एकटाच होता.

करारावर सही करताना मिळणारा बोनस खेळाडूच्या खात्यात एकदम जातो. कॅपच्या हिशेबात मात्र तो कराराच्या सगळ्या वर्षांत समान वाटून दाखवायचा असतो. आमच्या मुख्य खेळाडूचा तीन वर्षांचा बोनस मी बँकेतली नोंद बघून अख्खा याच वर्षात टाकला. इथे प्रत्येक तक्त्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागते. शेजारच्या टेबलावरच्या सबीनेने न तपासता सही केली — तक्ता माझा होता ना.

मर्यादा ओलांडलेली दिसली. योनासला बोनस नव्हता. त्याला काढलं, की त्याचा उरलेला पगार हिशेबातून सरळ सुटत होता. म्हणून त्याचं नाव निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला चूक दिसली. लीगकडे यादी दुपारी बाराला जायची होती. दहा वाजले होते. मॅनेजरची खोली माझ्या टेबलापासून किती लांब? सात-आठ पावलं. पण माझी प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचा काळ, संपायला तीन आठवडे होते, नोकरी पक्की व्हायची होती. आणि आत जाऊन जर्मनमध्ये ‘मी चुकले’ म्हणायचं — मी ते वाक्य मनात जुळवत बसले. बारा वाजून गेले.

संध्याकाळी योनास किल्ली परत करायला आला. थट्टा नाही, काही नाही. हळूच विचारलं, “खरंच जागा नव्हती का गं हिशेबात? तू बघितलंस ना नीट?”

मी मान वर करून, पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाले, “हो. दोनदा बघितलं.”

तो म्हणाला, “मग ठीक आहे. तू बघितलंस ना.”

पुढच्या आठवड्यात मी तो बोनस गुपचूप तीन वर्षांत वाटला. सबीनेने याही वेळी न बघता सही केली. कुणी विचारलं नाही. त्याला दुसरा संघ मिळाला का, मला माहीत नाही. नेटवर त्याचं नाव टाइप करायला घेते — आणि अर्ध्यातच खोडते.

नोकरी पक्की झाली. इथे अशा वेळी आपणच केक न्यायचा असतो. मी नेला. सगळ्यांनी खाल्ला. मीही दोन तुकडे खाल्ले.